गॅसबत्तीचा जीर्णोद्धार

ज्या गावांत गॅसची नळी कधी पोहोचली नाही आणि जेथील माणसांनी गॅसचा कारखाना आयुष्यात पाहिला नाही, त्या गावांनीही वरातीपुढे डोक्यावर वाहिल्या जाणाऱ्या त्या शुभ्र, अखंड फुरफुरणाऱ्या दिव्याला गॅसबत्ती हेच नाव दिले, आणि शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिले तर ते नाव सर्वस्वी यथार्थ ठरते. कारण या दिव्यात रॉकेल द्रवरूपाने जळतच नाही, ते अगोदर तापून वायुरूप होते आणि मग त्या वायूची ज्योत पेटते. दिव्यांच्या बाबतीत आपल्या भाषेने जे शब्द घडविले ते पाहण्याजोगे आहेत. ‘रॉक ऑइल’चे रॉकेल झाले, ‘गॅसलाइट’चे घासलेट झाले, आणि बर्लिनच्या एका कारखानदाराचे नाव पोटात घेऊन आलेला ‘पेट्रोमॅक्स’ हा शब्द तर कोणत्याही कारखान्याच्या बत्तीला सरसकट लागू झाला.

या बत्तीचे एके काळचे वैभव आठवू लागलो की डोळ्यांपुढे प्रथम येते ती कोकणातील दशावतारी नाटकाची रात्र. देवळापुढच्या मांडवात आडव्या वाशाला दोन बत्त्या टांगलेल्या असत. पूर्वरंगातला संकासुर येऊन जाईपर्यंत त्या लखलखीत जळत, आणि आख्यान रंगात येऊन राजा-राक्षसाचे युद्ध जुंपले की त्यांचा प्रकाश मंदावू लागे. मग कोणी तरी बाकावर चढून बत्ती खाली घेई, दहा-वीस वेळा पंप मारी, आणि प्रकाश पुन्हा उसळून राजाच्या मुकुटावरील बेगड झळकू लागे. पंपाच्या दट्ट्यासरशी उजेड एकेक पायरी वर चढतो, हे दृश्य ज्याने बालपणी पाहिले त्याच्या मनातून ते सहसा जात नाही. तमाशाची कनात, कीर्तनाचा सभामंडप, आठवडे बाजारातील तिन्हीसांजेची दुकाने, खाडीतील रात्रीची मासेमारी, लग्नघरच्या पंगती, या सर्व ठिकाणी विजेच्या तारा येईपर्यंत हिचाच अंमल होता. आणि ती पेटविण्याचे, सांभाळण्याचे काम गावातल्या एखाद्या ठरावीक कसबी माणसाकडे असे, ज्याच्या हाताखेरीज ती नीट जळत नाही अशी सर्वांची श्रद्धा असे.

आज ती बहुधा माळ्यावर, फुटक्या काचेनिशी, पोत्यात गुंडाळलेली सापडते, किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर पितळ म्हणून वजनाने विकली जाते. काही थोडी माणसे तिला तेथून उचलून घरी आणतात, महिनोन्‌महिने खपून तिला पुन्हा पेटती करतात, आणि अशा शंभर-दीडशे बत्त्या जमविणारे संग्राहक जर्मनी, स्वीडन, इंग्लंड, अमेरिका या देशांत आहेत तसे आपल्याकडेही आहेत. या छंदाविषयी मला जे सांगावयाचे आहे ते असे, की गॅसबत्ती हे एक यंत्र आहे, आणि यंत्राचा संग्रह ते चालू स्थितीत आले म्हणजेच पुरा होतो. समई न पेटविताही समईच राहते, तिचे सौंदर्य तिच्या घडणीत असते. परंतु न पेटणारी गॅसबत्ती ही नुसती पितळी टाकी होय. हे का, ते कळण्यासाठी तिची जन्मकथा आणि तिची अंतर्रचना दोन्ही ध्यानात घ्यावयास हवीत.

खनिज तेलाचा दिवा प्रथम वातीचाच होता. १८५३ साली ल्विव्ह शहरात इग्नात्सी वुकासिएविच या औषधे तयार करणाऱ्या गृहस्थाने खनिज तेलाचे ऊर्ध्वपातन करून त्यावर जळणारा दिवा सिद्ध केला, आणि त्याच वर्षी ३१ जुलैच्या रात्री तेथील रुग्णालयात त्याच्या उजेडात एक शस्त्रक्रिया पार पडली. पुढे वात, चिमणी, चक्री यांत पुष्कळ सुधारणा झाल्या. आपल्याकडे कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली औंध संस्थानच्या आश्रयाने निघालेल्या काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला, आणि स्वदेशीच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे. परंतु वातीला एक मर्यादा आहे व ती कारागिराच्या हाताबाहेरची आहे. वात केशाकर्षणाने जेवढे तेल चढविते तेवढेच जळते, आणि त्या ज्योतीत प्रकाश देतात ते अर्धवट जळालेल्या कार्बनचे तप्त कण. ज्योत मोठी केली की तेच कण काजळी होऊन काचेवर बसतात. म्हणून उत्तमातला उत्तम हातकंदील दहा-बारा मेणबत्त्यांइतक्या उजेडापलीकडे जात नाही.

या कोंडीतून वाट निघाली ती व्हिएन्नाच्या एका रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख हा हायडेलबर्ग येथे बुन्सेनचा शिष्य. बुन्सेनच्या ज्वालकाची निळी, जवळजवळ प्रकाशहीन, पण अत्यंत उष्ण ज्योत त्याच्या परिचयाची होती. दुर्मिळ मृदांचा अभ्यास करीत असता त्याच्या असे नजरेस आले की काही धातूंच्या क्षारांत भिजविलेले सुती कापड जाळले तर कापड नाहीसे होते, परंतु त्या धातूंच्या ऑक्साइडांचा जाळीदार सांगाडा जसाच्या तसा उभा राहतो, आणि तो त्या उष्ण ज्योतीत धरला की झळाळून उठतो. १८८५ साली त्याने या जाळीचे, म्हणजेच मेंटलचे, पेटंट घेतले. पहिले मेंटल हिरवट उजेडाचे व फार ठिसूळ निघाले, धंदा बसला, कारखाना बंद पडला. पण तो गृहस्थ प्रयोगांपासून हटला नाही, आणि १८९१ साली नव्याण्णव भाग थोरियम ऑक्साइड व एक भाग सेरियम ऑक्साइड हे प्रमाण त्याच्या हाती लागले. हे प्रमाण फार सूक्ष्म विचाराने समजून घेण्यासारखे आहे. सामान्य पदार्थ तापला की आपली बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत उधळून टाकतो. थोरियम ऑक्साइड ते किरण फारच थोडे सोडते, म्हणून ज्योतीत त्याचे तापमान खूप चढते, मात्र त्याचा स्वतःचा दृश्य प्रकाशही बेताचाच असतो. सेरियम ऑक्साइड दृश्य प्रकाश भरपूर देते. त्याचा एक अंश मिसळला की थोरियमची उष्णता प्रकाशात उतरते, आणि तो अंश वाढविला तर मेंटल थंडावून उजेड उलट कमी होतो. एवढ्या एका टक्क्याच्या हिशेबावर पाऊण शतकभर निम्म्या जगाच्या रात्री उजळल्या.

या कथेत आपल्या देशाचाही एक अध्याय आहे आणि तो मराठी वाचकांना फारसा माहीत नसतो. थोरियम मिळते ते मोनाझाइट नावाच्या जड वाळूतून, आणि ती प्रथम ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येत असे. १९०९ साली शोम्बेर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे कण आढळले, आणि मनवलकुरिची व चवरा येथील काळसर किनाऱ्यांचे भाग्य व दुर्भाग्य एकदमच उघडले. ती वाळू गलबतांत भरून परदेशी जाऊ लागली, आणि तिच्यापासून झालेले मेंटल परत येऊन येथे विकले जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही कंपनी स्थापन झाली, १९५२ मध्ये अलवाये येथे वाळूवर प्रक्रिया सुरू झाली, आणि १९५५ साली मुंबईजवळ तुर्भ्यास थोरियमचा जो कारखाना निघाला त्यातून मेंटलच्या धंद्यासाठी थोरियम नायट्रेट तयार होऊ लागले. अणुशक्तीच्या आपल्या पहिल्या पावलांशी वरातीतल्या बत्तीचा असा प्रत्यक्ष संबंध आहे.

मेंटल सिद्ध झाले तरी त्याला लागणारा गॅस शहरापुरताच होता. रॉकेलच्या टाकीत हवेचा दाब भरून, ते तप्त नळीतून नेऊन त्याची वाफ करावयाची, ही युक्ती स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ साली स्टोव्हच्या रूपाने यशस्वी करून दाखविली. त्याच्या ‘प्रायमस’ने आपल्या स्वयंपाकघरांतही आपले नाव रुजविले. तीच वाफ मेंटलमध्ये सोडण्याचे मोठ्या प्रमाणावरचे काम आर्थर किट्सन या इंग्रजाने केले. १९०१ सालचा त्याचा ज्वालक दीपगृहांत बसविण्यात आला, १९२१ मध्ये डेव्हिड हूडने त्यात सुधारणा केली, आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील दीपगृहेही पुढे अनेक वर्षे अशाच रॉकेलच्या वाफेवर जहाजांना वाट दाखवीत राहिली. हातात धरून नेता येईल असा सुटसुटीत दिवा मात्र १९१० च्या सुमारास बर्लिनच्या ‘एरिश अँड ग्रेट्झ’ या कारखान्याने घडविला. कारखान्याचा धुरीण माक्स ग्रेट्झ. पेट्रोलियमचा ‘पेट्रो’ आणि त्याच्या नावाचा ‘माक्स’ मिळून झालेले हे नाव पुढे जगभर गेले. त्याच सुमारास अमेरिकेत विचिटा येथे विल्यम कॉफिन कोलमन, इंग्लंडात टिली, स्वीडनमध्ये ऑप्टिमस व रेडियस असे अनेक कारखाने याच मार्गाने निघाले. पण आपल्या मुलखात जे नाव रुळले ते बर्लिनचेच.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. खाली पितळेची गोलसर टाकी. पाचशे मेणबत्त्यांची म्हणून विकली जाणारी ‘८२९’ नमुन्याची बत्ती घेतली तर तीत सुमारे एक लिटर रॉकेल राहते आणि त्यावर ती आठ तासांच्या आसपास चालते, म्हणजे दशावताराची एक रात्र. टाकी काठोकाठ भरावयाची नसते, कारण वरच्या मोकळ्या जागेतील दाबलेली हवा हीच या यंत्रातील स्प्रिंग. टोपणावर दाब दाखविणारे घड्याळ आणि हवा सोडण्याचा लहानसा स्क्रू असतो, बाजूला पंप. दाबाने रॉकेल मधल्या उभ्या नळीतून वर चढते, ही नळी काचेच्या आत मेंटलच्या शेजारून जाते, आणि तेथील उष्णतेने रॉकेलची वाफ होते. नळीच्या शेंड्याला निपल. त्याच्या केसाएवढ्या छिद्रातून वाफ अतिवेगाने वर सुटते, सुटताना भोवतालची हवा ओढून घेते, आणि ते मिश्रण उलट्या वळलेल्या नळीतून खाली उतरून चिनी मातीच्या तोटीतून मेंटलमध्ये शिरते. मेंटल झळाळते, त्याच्या उष्णतेने शेजारच्या नळीतील पुढचे रॉकेल वायुरूप होते, ते पुन्हा मेंटलला मिळते. आपले अन्न आपल्याच आचेवर शिजविणारा असा हा दिवा आहे. म्हणूनच तो काडी ओढून लागत नाही. पहिली आच बाहेरून द्यावी लागते. तिच्यासाठी नळीभोवती एक वाटी असते, तीत स्पिरिट ओतून पेटवावयाचे आणि ते संपत आले की मूठ फिरवून वाफेला वाट करून द्यावयाची. पुढच्या काळात जर्मन बत्त्यांना ‘रॅपिड’ नावाची सोय जोडली गेली. खटका ओढला की टाकीतल्याच रॉकेलचा फवारा जळत नळीवर पडतो व दीड-दोन मिनिटांत काम होते, मात्र त्याचा आवाज नवख्या माणसाला दचकविणारा असतो. त्या मुठीलाच आत एक बारीक पिन जोडलेली असते, जी दर फिरवणीस निपलचे छिद्र साफ करते. एवढ्याशा पोटात एवढी दूरदृष्टी ज्यांनी भरली त्या कारागिरांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे.

संग्रहासाठी बत्ती निवडताना नवखा मनुष्य चकाकीकडे पाहतो, जाणता मनुष्य अक्षरांकडे पाहतो. टाकीवरील काजळी हलकेच पुसली की कारखान्याचे चिन्ह, नमुन्याचा अंक, कधी देशाचे नाव दिसू लागते. आणि काचेवर येना येथील शॉटच्या कारखान्याचा शिक्का निघाला तर ती उष्णतासह काच टाकीइतकीच मोलाची समजावी. टिलीची बत्ती वेगळीच ओळखू येते, कारण तिची वाफेची नळी मेंटलच्या मधोमध जाते आणि तिच्या मेंटलला तळाशी म्हणून भोक असते. ‘हासाग’ हे नाव लायप्झिगच्या ह्यूगो श्नायडर कंपनीचे. तिच्या बत्त्या घडणीने उत्कृष्ट आहेत, परंतु दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीने शस्त्रनिर्मितीसाठी छळछावण्यांतील हजारो कैद्यांना गुलामासारखे राबविले, हे ती बत्ती फळीवर ठेवणाऱ्याने जाणले पाहिजे आणि पाहणाऱ्याला सांगितलेही पाहिजे. संग्राहकांचा सर्वांत मोठा अन्याय होतो तो मात्र आपल्या देशी बत्त्यांवर. जर्मन नमुन्यावरून येथे घडलेल्या या बत्त्यांचे पितळ पातळ, मुलामा हलका, म्हणून त्यांना कोणी हात लावीत नाही. पण आपल्याकडच्या खेडोपाडीच्या वराती आणि कीर्तने ज्यांनी खरोखर उजळली त्यांत यांचा वाटा केवढा तरी आहे. बर्लिनची बत्ती बर्लिनचे संग्रहालय जपील. हिला आपल्याखेरीज कोण जपणार?

बत्ती घरी आली की पहिला मोह होतो तो तिला घासून लख्ख करण्याचा, आणि तिचे सर्वांत जास्त नुकसान होते ते याच मोहापायी. अनेक जुन्या बत्त्यांच्या पितळेवर निकेलचा मुलामा असतो. तो एकदा खरखरीत पुडीने घासून निघाला की परत येत नाही. उघडे पितळ चिंचेच्या कोळाने उजळते खरे, पण तेही आंबटात रात्रभर बुडवून ठेवले तर त्यातील जस्त विरघळून पृष्ठभाग तांबूस होतो. सर्वांत कटाक्षाने टाळावयाचे ते अमोनिया असलेले पॉलिश, आणि त्याचे कारण हिंदुस्थानातल्याच एका जुन्या घटनेत सापडते. इंग्रजी अमदानीत येथील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवून ठेवलेली असता आपोआप तडकू लागली. या तडकण्याला ऋतूवरून नाव पडले, आणि १९२१ साली त्याचे कारण नक्की झाले: घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि साच्यातून ओढून घडविलेल्या पितळेत कोंडून राहिलेला ताण, या तिहींच्या संयोगाने धातू फाटतो. बत्तीची टाकीही साच्यातून तशीच ओढून घडविलेली, शिवाय रोज हवेच्या दाबाने ताणली जाणारी; तिच्यावर अमोनिया चोळणे म्हणजे तबेल्यातल्या काडतुसाची गत तिला आणणे होय.

तेव्हा साफसफाईपूर्वी परीक्षा. टाकीत उरलेले जुने रॉकेल वार्निशासारखे घट्ट झालेले असते. ते काढून, धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्याने आतून दोन-तीनदा खळखळवून, उन्हात पूर्ण वाळवावी. मग सारी तोंडे बंद करून तीत बेताची हवा भरावी आणि सायकलची ट्यूब तपासतात तशी ती घमेल्यातील पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहावे. सांध्यातून येत असतील तर कसलेल्या कारागिराकडून डाख देऊन घेता येतो. मात्र रॉकेल असलेल्या टाकीला, ती वरून कितीही कोरडी दिसो, आच दाखविण्यापूर्वी ती धुऊन पाण्याने भरून घ्यावी, कारण आत कोंडलेली वाफ पेट घेते. बुडबुडे पत्र्यातून येत असतील, म्हणजे टाकी तडकली असेल, तर तिला पुन्हा दाब देण्याचा विचारच सोडावा. पेटत्या बत्तीविषयी मी वर जे लिहिले त्याला हा एवढा एकच अपवाद मला मान्य आहे.

पंपाचे दुखणे बहुधा साधे निघते. दट्ट्याच्या टोकाला कातडी वायसर असतो, तो वर्षानुवर्षे सुकून आकसलेला असतो, त्यामुळे दट्ट्या नुसता वरखाली होतो आणि हवा कडेने निसटते. तो फेकून देण्याचे कारण नाही. पाश्चात्य संग्राहक त्यासाठी गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल वापरतात, आपल्याकडे शिवणयंत्राच्या तेलावर काम भागते; त्यात रात्रभर भिजू द्यावा, सकाळी बोटांनी मळून त्याची कड छत्रीसारखी बाहेर उकलावी आणि दट्ट्या आत घालताना ती मुडपू देऊ नये. पन्नास-साठ वर्षे निपचित पडलेला पंप या एका उपचाराने हाताला दाब देऊ लागतो, तो क्षण या छंदातला मोठा आनंदाचा होय. पंपाचा दांडा न ओढताच आपोआप वर येत असेल किंवा त्याच्या भोकातून रॉकेल पाझरत असेल, तर दोष तळाच्या झडपेचा समजावा. तिच्यातील बुचाचा किंवा रबराचा चिमुकला तुकडा बदलला की झाले.

निपल ही या यंत्राची नाडी. ते बुजले म्हणून त्यात शिवणाची सुई खुपसण्याची चूक फार जण करतात, आणि मग छिद्र रुंदावून वाफ अधिक येते, हवा तेवढी मिसळत नाही, बत्ती कायमची धुरकट जळू लागते. कार्बन चढलेले निपल रॉकेलात भिजवून, फुंकून साफ करावे, न जमल्यास नवे बसवावे. नळीचे, पिनेचे, निपलचे नवे भाग आजही मिळतात, आणि जुना नमुना टिकवून नवे मर्म घालण्यात काही गैर नाही, फक्त काढलेला मूळ भाग डबीत नाव लिहून ठेवावा. सांध्यांतील शिशाचे वायसर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत, म्हणून ते दरवेळी नवे घ्यावेत. आणखी एक सावधगिरी अशी, की जुन्या बत्त्यांच्या सांध्यांत कोठे कोठे अ‍ॅस्बेस्टॉसचा दोरा भरलेला असतो. तो कोरडा खरवडू नये, पाण्याने भिजवून अलगद काढून पिशवीत बांधावा आणि त्या जागी ग्रॅफाइटचा दोरा भरावा.

मेंटल बांधणे हे पुस्तकात वाचून येत नाही, हाताला समजावे लागते. त्याचा दोरा तोटीच्या खाचेत घट्ट बसला पाहिजे, चुण्या सारख्या अंतराने पसरल्या पाहिजेत, आणि पिशवी मोकळी लोंबली पाहिजे. पहिल्या जाळण्यात ते आक्रसून वाफेच्या दाबाने फुगते आणि त्या वेळी जो आकार घेते तोच त्याचा जन्माचा. त्यानंतर ते राखेइतके नाजूक असते. त्याला भोक पडले तर तसेच जाळू नये, कारण त्यातून सुटलेला ज्योतीचा झोत काचेवर एका जागी बसून ती तडकवितो. थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे. बत्ती जवळ जळत असल्याने भिण्याचे कारण नाही, परंतु फुटलेल्या मेंटलची भुकटी श्वासावाटे आत जाऊ देऊ नये, ती ओल्या फडक्याने टिपून हात धुवावेत, आणि मुलांना मेंटलशी खेळू देऊ नये. आता थोरियमविरहित, यिट्रियमची मेंटल मिळतात. संग्रहातल्या बत्तीला ती बेलाशक लावावीत.

पहिली पेटवण नेहमी अंगणात करावी, बंद खोलीत कदापि नाही. हिच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होऊ शकतो. टाकीत स्वच्छ रॉकेल जाळीच्या नरसाळ्यातून घालावे, पेट्रोल एक थेंबही नको. स्पिरिट घाईने आटोपू नये. नळी पुरती तापली नसली तर वाफेऐवजी रॉकेलच वर येते, पिवळ्या ज्वाळा टोपीच्या बाहेर निघतात आणि पाहणारे मागे पळतात. अशा वेळी टोपणावरचा स्क्रू सैल करून हवा सोडावी म्हणजे रॉकेलचा पुरवठाच थांबतो. तो स्क्रू कोठे आहे हे काडी ओढण्यापूर्वी बोटाला ठाऊक असावे. सर्व काही जमून आले असेल तर प्रथम मेंटलच्या बुडाशी निळसर ज्योत नाचते, मग एक हलका ‘फप्’ असा आवाज होतो, पांढरा ठिपका पसरत पसरत सारी जाळी व्यापतो, आणि पंपाच्या दहा-वीस दट्ट्यांत अंगण दिवसासारखे उजळते.

दिव्यांच्या संग्रहाचा विषय निघाला की महाराष्ट्रात एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. पुण्याचे डॉ. दिनकर केळकर यांनी चष्म्याचे दुकान सांभाळून आयुष्यभर ज्या वस्तू गोळा केल्या आणि आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने ज्यांचे संग्रहालय उभे केले, त्यांत समया, लामणदिवे, दीपलक्ष्मी, आरत्या यांचा फार मोठा भरणा आहे. १९६१ साली ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे त्यांचे पुस्तक भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने काढले. केळकरांनी हे दिवे जमविले तेव्हा ते लोकांच्या दृष्टीने अडगळीतलेच होते. घरोघर पितळेच्या जागी नवी भांडी येत होती आणि जुने दिवे मोडीत निघत होते. गॅसबत्तीची आज तीच घटका आहे, आणि हिच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे, कारण समई ठेवली म्हणजे समई टिकते, गॅसबत्ती टिकवायची तर तिच्याबरोबर ती पेटविण्याचे ज्ञानही टिकावे लागते, आणि ते आता स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या काही वृद्ध मिस्त्रींच्या बोटांत उरले आहे.

शोभेसाठी टाकीला भोक पाडून आत विजेचा दिवा बसविण्याची एक रीत अलीकडे उपाहारगृहांतून आणि दिवाणखान्यांतून पसरली आहे. मला ती सर्वथा अयोग्य वाटते. भोक पडलेली टाकी पुन्हा दाब धरण्याजोगी करणे अतिशय दुर्घट असते, आणि पितळेत सरळ उतरलेला तो एक गिरमिटाचा घाव शंभर वर्षांच्या यंत्राला कायमचे मुके करतो. शोभाच हवी असेल तर बत्ती जशी आहे तशी, काजळीसकट फळीवर ठेवावी. ती पुढच्या पिढीतला कोणी तरी पेटवील.

वाचकांच्या घरी, आजोळी, गावच्या देवळाच्या कोठीत अशी बत्ती पडून असेल. ती मोडीत घालू नका आणि घाईने घासूही नका. ती कोणी, कोणत्या साली, कोठून आणली, कोणत्या लग्नात वा उत्सवात ती जळली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा व तो कागद तिच्याजवळ ठेवा. मग तिला उचलून गावातल्या जुन्या स्टोव्हवाल्याकडे न्या, तो वायसर कसा मळतो, मेंटल कसे बांधतो ते शेजारी बसून पाहा, आणि दुसऱ्या खेपेला ते आपल्या हाताने करा.